कशावर आलात?

आमच्या सरकारला सायकल सापडली ती दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी. तोवर ती अंबादास तात्यांच्या बुडाखाली तीस वर्षं होती, पण सरकारला दिसत नव्हती. एके दिवशी जिल्ह्याहून परिपत्रक आलं. सर्व कार्यालयांनी आणि सहकारी संस्थांनी दर सोमवारी वाहनमुक्त दिवस पाळावा, कर्मचाऱ्यांनी सायकलने अथवा पायी कामावर यावे, इंधन वाचवावे, आरोग्य राखावे. मी तेव्हा केज तालुक्यातल्या एका सहकारी दूध संघात आवक-जावकला होते. मीच तो कागद टपालातून काढला, मीच त्यावर शिक्का मारला आणि मीच आधी हसले. नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नाही, अर्धा गाव सायकलला कॅन अडकवून पाण्यामागं हिंडतोय, आणि हे आम्हाला सांगतात सायकल चालवा. आता मात्र हसू येत नाही. तो कागद आठवला की डोकं तापतं, आणि तापलेल्या डोक्यानंच मी हे लिहितेय. एखादा शब्द वाकडा गेला तर जाऊ द्या.

अंबादास तात्या आमच्याकडं दूध पर्यवेक्षक होते. सकाळी गावोगावच्या दूध संस्थांवर जायचं, आलेलं दूध तपासायचं आणि मग ऑफिसात येऊन अहवाल द्यायचा, हे त्यांचं काम. गाव सावळवाडी, केजपासून अकरा किलोमीटर. वाटेतल्या दोन-तीन गावांचं दूध बघून अकराच्या ठोक्याला ते ऑफिससमोरच्या लिंबाखाली सायकल लावायचे. उंच, काळी, दांडीची सायकल. कॅरिअरला जुन्या ट्यूबनं बांधलेली कापडी पिशवी. पायजमा चेनमध्ये जाऊ नये म्हणून उजव्या पायाला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा. तो चिमटा दिवसभर तसाच राहायचा. एकदा मॅनेजर साहेब म्हणाले, "तात्या, निदान माझ्यासमोर येताना तरी हा काढत जा." तात्या शांतपणे म्हणाले, "काढायचा इसरलो तर चालतं साहेब. लावायचा इसरलो तर पडतो."

सदऱ्याच्या खिशात एका जुन्या पायमोज्यात गुंडाळलेला लॅक्टोमीटर असायचा. दुधात सोडला की दुधात पाणी आहे का ते सांगणारी ही काचेची नळी. बाकीचे पर्यवेक्षक मोटारसायकलवर फिरायचे, आणि त्यांची काच खड्ड्यात आदळून फुटली म्हणून नव्या नळीचे मागणी अर्ज सारखे माझ्या टेबलावर यायचे. तात्यांचा अर्ज मी माझ्या नोकरीत कधी पाहिला नाही.

संघानं त्यांनाही मोटारसायकल देऊ केली होती. त्यांनी घेतली नाही. मी विचारलं, "तात्या, कावून नाही घेतली?" तर म्हणाले, "ताई, गाडीचा आवाज फाट्यावरूनच गावात जातो. मी पोचेस्तोवर समदे शहाणे झालेले असतात. सायकलीला आवाज न्हाई." आणि ते खरंच होतं. एका गावच्या संस्थेच्या चेअरमनच्या घरचंच दूध त्यांनी असं पकडलं होतं. चेअरमन पांढऱ्या कपड्यात, हातात किल्ली फिरवत उभे. तात्यांनी नळी दुधात सोडली, खाली वाकून पाहिली, परत सोडली. मग भरल्या लोकांत विचारलं, "चेअरमन, पाचशे फूट बोअर मारून गावाला पाणी लागंना. तुमाला दुधात घालायला कुठून घावलं? आमालाबी दावा की." ते दूध परत गेलं. त्यानंतर वर्षभर तात्यांच्या नावानं तक्रारी येत राहिल्या. मी त्या नोंदवायचे, साहेब वाचायचे, तात्या वाचायचे नाहीत.

आमच्याकडं कुणी दारात आलं की आधी पाणी देतात आणि मग विचारतात, "कशावर आलात?" विचारणाराला वाटतं आपण सहज विचारलं. पण त्या उत्तरावरून खुर्ची द्यायची की सतरंजी, हे ठरतं. जीपगाडीवर आलेला वेगळा, मोटारसायकलवरचा वेगळा, एसटीनं आलेला वेगळा. तात्यांना कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "पायांवर." आणि तेच दुसऱ्यांनाही विचारायचे. आमचा शिपाई दत्तू ऑफिसच्या मागच्याच गल्लीत राहायचा, तरी मेव्हण्याच्या मोटारसायकलवर मागं बसून यायचा. तात्या रोज विचारायचे, "दत्तूभाऊ, कशावर आलात?" तो म्हणायचा, "गाडीवर." "मंग पाय घरी ठिवायचे की. कावून आणले?"

स्वतः मात्र ते "सायकलवर जातो" असं कधी म्हणत नसत. "सायकलसंगं जातो" म्हणायचे. सावळवाडीच्या अलीकडं लांबलचक चढ आहे. "चढाला ती दमती, मी उतरतो. उताराला मी दमलेला असतो, ती न्हेती," असा त्यांचा हिशोब होता.

आता खऱ्या दुखण्याकडं येते.

त्याच साली, परिपत्रकाच्या थोडं आधी, सावळवाडीचा रस्ता सिमेंटचा झाला. लोक खूश. पण सिमेंटचा थर मूळ जमिनीपेक्षा हातभर उंच, आणि कडेला साइडपट्टीच नाही. कड सरळ कापल्यासारखी, खाली खड्डा आणि गिट्टी. मागून टँकर आला की सायकलवाल्यानं जायचं कुठं? दुष्काळात त्या रस्त्यावर टँकर नुसते धावत होते. खेपा वाढवायच्या म्हणून सुसाट यायचे आणि मधूनच चालायचे. त्याच रस्त्यानं सावळवाडीच्या आठ पोरी केजच्या शाळेत यायच्या. सायकली त्यांना सरकारनंच दिलेल्या, कॅरिअरवर योजनेचं नाव रंगवलेल्या. म्हणजे सायकल द्यायची, आणि ती चालवायला वीतभर जागा ठेवायची नाही.

त्यातली शिवकन्या तात्यांच्या शेजारची. आईबाप दरसाल ऊसतोडीला जायचे, पोर आजीजवळ राहून शिकायची. एका सकाळी टँकरनं हॉर्न दिला, ती घाबरून कडेला गेली आणि कडेवरून खाली पडली. हात मोडला. तात्या मागून येत होते, त्यांनीच तिला उचलून दवाखान्यात नेलं. त्या दिवशी ते ऑफिसात आले तेव्हा चिमटा पायाला नव्हता. मला ते आधी दिसलं.

"ताई," दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "गावात बैठक झाली. पोरी धाडायच्या न्हाईत म्हणले. एसटीचा तर भरोसा न्हाई, जीपवाला दारापर्यंत माणसं कोंबतो, त्यात पोरी कशा धाडायच्या. आन् शाळा सुटली की काय, तुमाला ठाव हाय. पोरगी आईसंगं उसाच्या फडात, न्हाईतर बोहल्यावर." मी केजात शाळेसमोर वाढलेली. शाळेत पोचणं हेच काम असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

म्हणून ते परिपत्रक आलं तेव्हा त्याच्या शेवटची ओळ मीच त्यांना वाचून दाखवली. ज्या रस्त्यांवरून कर्मचारी सायकलने कामावर येतात, त्या रस्त्यांना प्राधान्याने साइडपट्टी देण्यात येईल, सबब सोबतच्या प्रपत्रात माहिती पाठवावी. तात्यांचा चेहरा उजळला. तीस वर्षांत त्यांनी संघाकडं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या टेबलापुढं उभं राहून म्हणाले, "ताई, माझं नाव पयलं लिवा. आन् त्या पोरींचीबी लिवा. पाण्याचे कॅन आणणारांचीबी लिवा, सकाळच्यापारी तीस-चाळीस सायकली असतात."

"तात्या, फक्त कर्मचारी लिहायचेत. कामावर जाणारे."

"मंग पाणी आणणं काय सहल हाय?"

मी प्रपत्र पुढं ओढलं. नाव, गाव, मार्ग, अंतर, आणि शेवटचा रकाना: त्याग केलेल्या वाहनाचा प्रकार. त्याग. कुणी हा शब्द शोधून काढला देव जाणे. साहेबांच्या नावापुढं त्यांनी स्वतः लिहायला सांगितलं, जीप. दत्तूनं मोटारसायकल लिहायला लावली, मेव्हण्याची. तात्यांच्या ओळीवर माझा पेन थांबला.

दत्तू म्हणाला, "तात्या, मोटारसायकल सोडली म्हणून ठोका की. कोण बघतंय बे हितं?"

तात्या म्हणाले, "घेतलीच न्हाई तर सोडली कशी? दुधात पाणी चालत न्हाई मला, कागदात कसं चालंल? माझ्याकडं सोडायला काहीच न्हाई, ते लिवा."

सरकारी भाषेत काहीच नाही याला एकच शब्द आहे. मी लिहिलं, निरंक. त्यांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि समाधानानं मान हलवली. "खरं हाय ते," म्हणाले. वीस वर्षं मी तो शब्द रोज लिहीत होते. तो कुणाच्या पायाखालचा रस्ता काढून घेईल असं कधी मनात आलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी तालुक्यात सायकल फेरी निघाली. गावाबाहेर लाल फीत, चौकात मंडप आणि फलक. टेम्पोतून नव्याकोऱ्या सायकली उतरवल्या. जिल्ह्याहून मोठे साहेब आले, ते गाडीतून आले, सायकलवर बसले, चौकापर्यंत गेले. मागून त्यांची गाडी पहिल्या गिअरमध्ये, काचा वर, आत एसी चालू. चौकात हार झाले, भाषण झालं. "सायकल ही काळाची गरज आहे," साहेब म्हणाले. मग सायकलमित्र म्हणून प्रमाणपत्रं वाटली. आमच्या साहेबांना मिळालं, त्यांनी जीपचा त्याग केला होता ना. दत्तूलासुद्धा मिळालं. संध्याकाळी तो ते प्रमाणपत्र मेव्हण्याच्या मोटारसायकलवर बसून घरी घेऊन गेला.

तात्या तीन गावांचं दूध तपासून तिथं पोचले होते. मंडपाच्या कडेला सायकल धरून उभे होते. फोटो काढायची वेळ झाली तसा फोटोग्राफर ओरडला, "ओ मामा, ती जुनी सायकल बाजूला घ्या. फोटोत येतीय." मी ऐकलं. माझ्या शेजारच्या बायकांनी ऐकलं. मोठ्या साहेबांनीही ऐकलं असेल, ते दोन हातांवर होते. तात्यांनी सायकल बाजूला घेतली. आणि मी, जी आता इथं तलवार उपसून बसलेय, तीही तेव्हा गप्प उभी होते. हे कबूल केल्याशिवाय पुढं लिहिता यायचं नाही.

फोटो संपल्यावर तात्या मोठ्या साहेबांपुढं गेले. हात जोडले नाहीत, दोन्ही हात हँडलवर होते. "साहेब, सावळवाडीच्या रस्त्याला साइडपट्टी कवा?" साहेब हसले, म्हणाले, "यादीत नाव आहे ना तुमचं? मग झालंच समजा." तात्या त्या भरवशावर गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गावात सांगितलं की पट्टी होणार. दोन बापांनी पोरी परत धाडायचं कबूल केलं.

चार महिन्यांनी उत्तर आलं. तेही मीच फोडलं. सदर मार्गावर सायकलने कामावर ये-जा करणाऱ्यांची संख्या निरंक असल्याने साइडपट्टीची आवश्यकता दिसून येत नाही.

मी तो कागद घेऊन तशीच उठले आणि तो जिथून आला होता त्या कचेरीत गेले. तिथल्या टेबलावरच्या माणसाला विचारलं, "ही काय थट्टा आहे? सायकलवाला आहे, नावानिशी लिहून दिलाय." त्यानं शांतपणे आमचं प्रपत्र काढलं आणि माझ्याच अक्षरावर बोट ठेवलं. "मॅडम, ज्यांनी वाहन सोडलं तेच धरायचेत. यांच्यापुढं निरंक आहे. ती ओळ बाद झाली."

"अहो, पण हा माणूस तीस वर्षं सायकलवर येतोय."

"तेच ना. म्हणजे बदल काहीच नाही. आपल्याला बदल दाखवायचा असतो."

मला सांगा, यावर माणसानं काय करावं? जो आयुष्यभर तेच करत आला, जे हे आता फीत कापून शिकवायला निघालेत, तो यांच्या हिशेबात नाही. कारण त्यानं आधी चूक केली नव्हती. दत्तूनं खोटं लिहिलं तो मोजला गेला. मी फेरप्रस्ताव लिहिला, स्मरणपत्रं लिहिली, साहेबांच्या सह्या घेतल्या. एकाचंही उत्तर आलं नाही.

तात्यांना मी तो कागद दाखवला तेव्हा त्यांनी तो हात लांब करून वाचला. मग परत वाचला. मला वाटलं चिडतील, मला तरी बोलतील. ते म्हणाले, "रोज अकरा किलोमीटर येतो ताई, आन् कागदावर येतच न्हाई." बस. कागद घडी करून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तुमचं अक्षर लई चांगलं हाय. लांबून वाचता येतं." ते टोमण्यानं बोलले नव्हते, आणि म्हणूनच मला ते आजवर बोचतं.

त्या वर्षाच्या अखेरीस तात्या निवृत्त झाले. निरोपसमारंभात साहेबांनी त्यांना शाल दिली. तात्यांनी लॅक्टोमीटर मोज्यासकट माझ्या टेबलावर जमा केला, पावती मागितली आणि गेले.

पुढचं मला सावळवाडीच्या दूधवाल्यांकडून कळत गेलं. दुष्काळात ज्यानं त्यानं आपली विहीर खोल केली होती. पाणी कुणाला लागलं नाही, पण विहिरींच्या काठाला मुरुमाचे ढीग साठले होते. तात्या रोज सकाळी सायकलच्या कॅरिअरवर एक पोतं आणि दांडीवर एक पोतं मुरूम टाकून रस्त्याच्या कडेला आणून ओतत होते. फावड्यानं पसरायचं, जड लाकडी धुमसानं ठोकायचं, कड बुजवायची. टँकरमधून सांडलेल्या पाण्यानं ओल धरली तर त्या जागी जास्त ठोकायचं. लोक आधी हसले. मग एकदोघांनी बैलगाडी दिली. जिथं वळण आहे, जिथं शिवकन्या पडली होती, तिथून त्यांनी सुरुवात केली होती. वळणावरची पट्टी झाली तशी शिवकन्या शाळेत यायला लागली. तिच्यामागं आणखी पाच जणी आल्या. दोघींची तेवढ्यात लग्नं लागली होती. त्या दोन पोरींचा हिशेब कुठल्या प्रपत्रात लिहायचा, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आणि मग, पुढच्या वर्षी, पुन्हा कागद आला. त्याच कचेरीचा. लोकसहभागातून झालेल्या सायकलपूरक कामांची माहिती तात्काळ सादर करावी. सोबत नमुन्यादाखल फोटो, आणि फोटोत तात्यांची साइडपट्टी. तिच्यावर यांनी फलक धरलेला, दोन साहेब हसतायत. तात्या फोटोत नाहीत. या वेळीही सायकल बाजूला घ्यायला सांगितली असणार.

मॅनेजर साहेबांना आनंद झाला. म्हणाले, "तात्या आपलेच. लिहा." रकाने होते: कामाचे ठिकाण, काम करणाऱ्याचे नाव, विभाग अथवा संस्थेचे योगदान. साहेब म्हणाले, "शेवटच्यात लिहा, प्रेरणा व मार्गदर्शन."

मी ठिकाण लिहिलं. अंबादास तात्यांचं पूर्ण नाव लिहिलं. आणि शेवटच्या रकान्यात, लांबून वाचता येईल अशा अक्षरात, लिहिलं, निरंक.

"हे बदला," साहेब म्हणाले.

"खरं आहे ते, साहेब," मी म्हणाले, आणि त्यांची सही न घेताच जावक क्रमांक टाकून कागद टपालात दिला. नोकरीत नियम मोडला तो तेवढाच. मला मेमो मिळाला, तो मी फ्रेम केला नाही एवढंच.

त्या रविवारी मी सावळवाडीला निघाले. जीपमध्ये नेहमीची कोंबाकोंबी. वळण जवळ आलं, कडेला लाल मुरूम दिसायला लागला, तसं मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. तो म्हणाला, "बाई, गाव आजून लांब हाय, हितं कावून उतरता?" मी उतरले. पट्टी दीड हात रुंद, पण पक्की. तिच्यावर सायकलींच्या चाकोऱ्या उमटलेल्या, एकीला लागून एक. मी त्यांच्या कडेनं चालत राहिले. मागून टँकर आला, हॉर्न देत निघून गेला, आणि मला इंचभरसुद्धा सरकावं लागलं नाही.

चढाच्या सुरुवातीला पट्टी संपत होती. तिथं सायकल उभी होती, पोतं अर्धं रिकामं झालेलं. तात्या वाकून मुरूम पसरत होते. निवृत्त होऊन वर्ष झालेलं, पण पायाला चिमटा होता. माझी चाहूल लागली तसे सरळ झाले, कपाळावरचा घाम पुसला, आणि सवयीनं विचारलं, "ताई, कशावर आलात?"

मी म्हणाले, "तुमच्या साइडपट्टीवर."

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं नाही. पायांकडं पाहिलं, मग मी आले त्या वाटेकडं, पार वळणापर्यंत. मग पुन्हा फावडं हातात घेतलं.

"फुडं जरा भुसभुशीत हाय," ते म्हणाले. "दाबून चाला."